आठवडा पुण्याचा, परवाना दुसऱ्याचा: महाराष्ट्र ओपनचा इतिहास

शनिवार, ७ जानेवारी २०२३ रोजी पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील टेनिस संकुलात नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीक्सपोरने फ्रान्सच्या बेंजामिन बोन्झीला ४-६, ७-५, ६-३ असे हरवून आपले पहिले एटीपी विजेतेपद मिळवले. ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या स्पर्धेतला तो शेवटचा सामना. २०२४ चे जागतिक वेळापत्रक आले तेव्हा त्यात पुणे नव्हते. जानेवारीचा तो पहिला आठवडा हाँगकाँगला गेला होता. पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यावरची भारतातली एकमेव स्पर्धा अशी संपली. नवी दिल्लीत १९९६ साली लागलेले हे रोप सव्वीस-सत्तावीस वर्षांत तीन शहरांत वाढले आणि मग देशाबाहेर गेले.

आपल्या मंडळाची स्थापना, कोर्टाची बांधणी आणि आश्रयदात्यांचे उपकार यांवर या स्मरणिकेत इतरांनी लिहिले आहे. माझ्याकडे पुण्याच्या स्पर्धेचे काम आले त्याला कारण आहे रस्त्याचे. बेळगावहून निघावे, काकती, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा करत कात्रजला पोचावे आणि बाह्यवळण धरून थेट बालेवाडीला उतरावे. पूर्वीचा चार नंबरचा आणि आताचा अठ्ठेचाळीस नंबरचा हा हमरस्ता संकुलाच्या कडेनेच जातो. बेळगावपासून अंतर साधारण ३४० किलोमीटर. आपल्या राज्याची राजधानी याच रस्त्यावर उलट्या दिशेला ५०० किलोमीटर. जगातल्या पहिल्या पन्नासांतला खेळाडू डोळ्यांनी सर्व्हिस करताना पाहायचा असेल तर बेळगाव-निपाणीच्या माणसाला पुण्यातल्या पाच पर्वांइतकी जवळची संधी आधी नव्हती, नंतरही नाही. शिवाय स्पर्धेच्या नावात ‘महाराष्ट्र’ होते. आपल्या भागात या एका शब्दाला किती वजन आहे ते इथे सांगत बसायला नको.

इतिहास सांगायचा तर आधी मालकी सांगावी लागते. आपल्याकडे जत्रेचे कुस्तीचे मैदान गावाचे असते. जत्रा कमिटी बदलते, इनामाचा आकडा बदलतो, पण मैदान उचलून कुणी दुसऱ्या गावाला नेत नाही. व्यावसायिक टेनिसचा व्यवहार याच्या अगदी उलटा आहे. एटीपी ही पुरुष खेळाडू आणि स्पर्धा-मालक यांची संघटना वर्षाचे आठवडे वाटून देते. अमुक आठवड्यात अमुक दर्जाची स्पर्धा भरवण्याचा परवाना ज्याच्याकडे, स्पर्धा त्याची. तो परवाना विकता येतो, भाड्याने देता येतो, एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवता येतो. पुण्याची स्पर्धा २५० दर्जाची होती, म्हणजे विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण. परवान्याची मालकी आयएमजी या आंतरराष्ट्रीय कंपनीकडे, भारतातले व्यवस्थापन राइज वर्ल्डवाइडकडे, प्रत्यक्ष आयोजन महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेकडे, पाठबळ राज्य सरकारचे आणि नाव टाटांचे. संघटनेचे प्रशांत सुतार स्पर्धेचे संचालक होते. इतक्या हातांनी धरलेली वस्तू कुणाचीच पूर्ण नसते. पुढे जे घडले ते नीट पाहिले तर त्याचे कारण कुणाच्या गैरकारभारात सापडत नाही, या रचनेतच सापडते.

स्पर्धेचा पूर्वार्ध थोडक्यात. १९९६ साली दिल्लीत स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट पहिला विजेता झाला आणि पुढच्याच वर्षी स्पर्धा चेन्नईला गेली. नुंगमबाक्कमचे स्टेडियम १९९५ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने तयार झालेलेच होते. तिथे ती एकवीस वर्षे राहिली. १९९७ साली तिथेच लिएंडर पेस आणि महेश भूपती या जोडीने आपले पहिले एटीपी विजेतेपद घेतले. १९९८ चा एकेरीचा विजेता पॅट्रिक राफ्टर, तेव्हाचा अमेरिकन ओपन विजेता.

निपाणीच्या वाचकांना एक गोष्ट गंमतीची वाटेल. चेन्नईतल्या सुरुवातीच्या वर्षांत या स्पर्धेचे नाव ‘गोल्ड फ्लेक ओपन’ असे होते. म्हणजे सिगारेटचे. आपली तंबाखू विडीची, सिगारेटची वेगळी, तेव्हा त्या पैशात निपाणीच्या शेतकऱ्याचा वाटा नव्हता. तरीही तंबाखूच्या पैशावर जगातले उत्तम खेळाडू फुप्फुसे पोसत होते हे आज वाचताना अजब वाटते. त्या काळात कुणाला त्यात वावगे दिसत नव्हते, क्रिकेटही तसेच चालले होते. तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्वावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २००३ साली आला. तोपर्यंत पाटी बदलून ‘टाटा ओपन’ झाली होती. पुढे नुसते ‘चेन्नई ओपन’ आणि २०१० पासून ‘एअरसेल चेन्नई ओपन’. पुण्यात आल्यावर टाटांचे नाव पुन्हा लागले ते असे दुसऱ्यांदा.

चेन्नईच्या आठवणीत दोन वर्षांचे जानेवारी ठळक आहेत. २००५ मध्ये, त्सुनामीला पंधरवडाही झाला नसताना, कार्लोस मोयाने तिथे विजेतेपद राखले आणि बक्षिसाची रक्कम त्सुनामीग्रस्तांना देऊन टाकली. २००८ मध्ये राफाएल नदाल आणि मोया या दोन मायोर्काकरांचा उपांत्य सामना जवळपास चार तास चालला. नदालने चार मॅच पॉइंट वाचवून तो जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाइल यूझनीकडून ०-६, १-६ असा हरला. पाय उरलेच नव्हते. २००९ साली सोमदेव देववर्मन वाइल्ड कार्डवर येऊन अंतिम फेरीपर्यंत गेला. एकेरीत एखादा भारतीय या स्पर्धेच्या चषकाच्या सर्वांत जवळ गेला तो तेव्हाच. स्टॅन वावरिंका चार वेळा जिंकला. त्यातल्या २०१४ च्या विजयानंतर तो तडक मेलबर्नला गेला आणि ऑस्ट्रेलियन ओपनही घेऊन आला.

आता आपल्याकडे वळतो. ‘महाराष्ट्राला टेनिसची परंपरा काय?’ असा प्रश्न स्पर्धा पुण्यात आली तेव्हा विचारला गेला. त्याचे उत्तर पुण्या-मुंबईत शोधले जाते, थोडे दक्षिणेकडेही शोधायला हवे. बॅडमिंटनचे नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीत जन्मले. सांगली तेव्हा संस्थान होते आणि त्या संस्थानात आपले शहापूरही होते. नाटेकरांची सुरुवात मात्र टेनिसने झाली. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर त्यांनी रॅकेट बदलली आणि १९५६ साली मलायातल्या सेलांगोर स्पर्धेत आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. टेनिसचे ते कर्ज मुलाने फेडले म्हणायचे. गौरव नाटेकरने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पेसबरोबर दुहेरीचे सुवर्ण जिंकले. त्याच्याही साठ वर्षे आधी, १९३४ मध्ये, विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली ती मुंबईची लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव संस्कृत लेखिका. आजोबा शंकर पांडुरंग पंडित घाटाखालच्या सावंतवाडी भागातले. आणि १९७४ साली पुण्यात भारताने सोव्हिएत संघाला डेव्हिस कपच्या उपांत्य लढतीत हरवले. अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही.

बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. २०१२ साली तिथे महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकली एलिना स्वितोलिनाने, जपानच्या किमिको दाते-क्रुमला हरवून. स्वितोलिना तेव्हा अठरा वर्षांची होती, पुढे ती जगात तिसरी झाली. २०१४ पासून पुरुषांची, मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीची, चॅलेंजर दर्जाची स्पर्धा सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डेव्हिस कपची न्यूझीलंडविरुद्धची लढत तिथे झाली. म्हणजे पुण्याने परवाना मिळवला तो आधी घर तयार ठेवून. हे श्रेय राज्य संघटनेला आणि तिचे सचिव सुंदर अय्यर यांना दिलेच पाहिजे.

चेन्नईकडून पुण्याकडे येण्याआधी आणखी एका स्पर्धेची हकीकत सांगतो, कारण तिच्यात आपली दोन्ही राज्ये येतात. २००६ आणि २००७ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर ‘किंगफिशर एअरलाइन्स टेनिस ओपन’ ही एटीपी स्पर्धा झाली होती. पहिल्या वर्षी दिमित्री तुर्सुनोव्ह जिंकला, दुसऱ्या वर्षी रिशार गास्के. २००८ साठी ती बंगळूरला हलवली गेली. दोन राज्यांच्या सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असताना महाराष्ट्रातली एक वस्तू कर्नाटकाकडे गेली, आणि त्यासाठी ना आयोग नेमावा लागला ना कुणी बंद पुकारला! दुर्दैव असे की बंगळूरने ती कधी पाहिलीच नाही. सुरक्षेच्या कारणावरून ती रद्द झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मात्र बंगळूरमध्ये महिलांच्या स्पर्धेत सेरेना आणि व्हीनस या विल्यम्स बहिणी उपांत्य फेरीत समोरासमोर आल्या होत्या. सेरेनाने एक मॅच पॉइंट वाचवून बहिणीला हरवले आणि पुढे विजेतेपदही घेतले. ती स्पर्धाही त्या वर्षानंतर बंद झाली. स्पर्धा येणे आणि जाणे हे दोन्ही राज्यांच्या नशिबी सारखेच आहे.

२०१६ चा डिसेंबर चेन्नईला कठीण गेला. ५ तारखेला जयललितांचे निधन आणि १२ तारखेला वर्दा चक्रीवादळ. तरी जानेवारी २०१७ ची स्पर्धा झाली. रोबेर्तो बाउतिस्ता अगुतने दानिल मेदवेदेव नावाच्या वीस वर्षांच्या रशियन पोराला हरवले. चेन्नईतली ती शेवटची अंतिम लढत ठरली. २०१७ च्या जुलैमध्ये घोषणा झाली की पुढची पाच वर्षे स्पर्धा पुण्यात होईल. चेन्नईकरांना ते लागले. लागणारच. एकवीस वर्षे जोपासलेली गोष्ट कुणी उचलून नेली तर कुणालाही लागते. पुण्यात त्या वेळी झालेला आनंद मला जरा घाईचा वाटला होता, हे आता लिहायला हरकत नाही. जी गोष्ट चेन्नईतून उचलता येते ती पुण्यातूनही उचलता येईल, हे त्या बातमीतच लिहिलेले होते.

पहिले पर्व १ ते ६ जानेवारी २०१८. तारखा वाचल्या की टेनिसखेरीज दुसरेच आठवते. १ जानेवारीला पुण्याच्या पलीकडे भीमा कोरेगावला हिंसाचार झाला आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद होता. त्या धामधुमीत बालेवाडीत सामने चालू होते. अग्रमानांकित मारिन चिलिच होता, चेन्नईचा दोन वेळचा विजेता. उपांत्य फेरीत त्याला फ्रान्सच्या झील सिमोनने हरवले. सिमोन तेव्हा मानांकनाच्या बाहेर होता, क्रमवारीत नव्वदीच्या आसपास. अंतिम सामन्यात त्याने अमेरिकन ओपनचा उपविजेता केव्हिन अँडरसन यालाही ७-६, ६-२ असे सरळ दोन सेटमध्ये बसवले. सिमोनचा खेळ डोळे दिपवणारा नव्हे. समोरच्याने मारावे, याने परत करावे, त्याने पुन्हा मारावे, याने पुन्हा परत करावे, शेवटी मारणारा कंटाळतो. ज्याने क्लबच्या कोर्टावर एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडून असा मार खाल्ला आहे त्याला सिमोन लगेच ओळखीचा वाटेल. पुण्याच्या अर्जुन कढेला याच पर्वात मुख्य ड्रॉमध्ये वाइल्ड कार्ड मिळाले. पहिल्याच फेरीत युकी भांब्रीसमोर तो हरला. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरे पर्व सगळ्यांत चांगले झाले. २०१९ चा अंतिम सामना अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच यांच्यात. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा इंच. आदल्याच वर्षी अँडरसनने विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत जॉन इस्नरला शेवटच्या सेटमध्ये २६-२४ असे हरवले होते. त्या सामन्याला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागला होता. तेव्हा इथे काय होणार याचा अंदाज सगळ्यांना होता, आणि तसेच झाले. तीनही सेट टायब्रेकरवर गेले. सगळ्या सामन्यात कुणाची सर्व्हिस म्हणून तुटली नाही. अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षे १० महिन्यांचा होता. १९७७ मध्ये केन रोजवॉलने त्रेचाळिसाव्या वर्षी हाँगकाँगची स्पर्धा जिंकल्यानंतर इतक्या वयाचा खेळाडू एटीपीच्या अंतिम फेरीत आला नव्हता. असल्या सामन्याला टेनिस म्हणावे की तोफखान्याचा सराव, असे विचारणारे शौकीन असतात. मी त्यांच्यातला नाही. इतक्या उंच माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर खाली वाकून दुसरी सर्व्हिस परत करणे यातले कष्ट गुडघे दुखू लागल्यावरच कळतात.

त्याच पर्वात रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरीचे विजेतेपद घेतले. आदल्या ऑगस्टमध्ये या दोघांनी जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले होते. बोपण्णा कोडगूचा. त्याच्यासाठी पुण्याच्या गॅलरीतून होणारा जयघोष कुठल्या भाषेतला होता याची चौकशी कुणी केली नाही. २०२२ साली तो रामकुमार रामनाथनबरोबर इथे पुन्हा जिंकला. पुण्यात भारतीयांना मिळालेली विजेतेपदे एवढीच, दोन, दोन्ही दुहेरीची आणि दोन्हींत कर्नाटकाचा हा माणूस. एकेरीत पाच पर्वांत एकाही भारतीयाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. स्पर्धेने भारतीय टेनिसला काय दिले याचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही बाजूही मांडावी. घरच्या मैदानावर ज्यांना मुख्य ड्रॉ थेट मिळत नाही, त्यांना वाइल्ड कार्ड एक सामना देते, पुढचे सामने स्वतः जिंकावे लागतात.

२०२० पासून गाडी घसरली, आणि त्यात पुण्याची चूक नव्हती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याला मोल होते ते ऑस्ट्रेलियन ओपनमुळे. मेलबर्नला जाण्यापूर्वी उष्ण हवेत, हार्ड कोर्टवर दोन-चार सामने मिळावेत म्हणून मोठे खेळाडू आशियात येत. एटीपीने २०२० मध्ये ‘एटीपी कप’ ही देशादेशांची नवी सांघिक स्पर्धा काढली आणि वर्षाचे पहिले दहा-बारा दिवस तिला देऊन टाकले. पुणे फेब्रुवारीत ढकलले गेले. ऑस्ट्रेलियन ओपन संपल्यावर मोठा खेळाडू एक तर विश्रांती घेतो, नाहीतर युरोपातल्या बंदिस्त कोर्टांवर जातो, नाहीतर दक्षिण अमेरिकेच्या मातीवर. पुण्याला उलटे कोण येणार? विजेता झाला चेक प्रजासत्ताकाचा यीर्झी वेसेली. अंतिम फेरीपर्यंतच्या वाटेत त्याने मॅच पॉइंट वाचवले होते. दुहेरीत इंडोनेशियाचा क्रिस्तोफर रुंगकट जिंकला. लिएंडर पेसने २०२० हे आपले निरोपाचे वर्ष जाहीर केले होते, त्यामुळे गर्दी त्याच्या सामन्याला झाली. पंचवीस वर्षे ज्याने भारतीय टेनिस खांद्यावर वाहिले त्याला पुण्याने नीट निरोप दिला. महिनाभरात जग बंद झाले आणि २०२१ ची स्पर्धा झालीच नाही.

२०२२ ची अंतिम लढत ६ फेब्रुवारीच्या रविवारी होती. त्या सकाळी मुंबईत लता मंगेशकर गेल्या. देशात दोन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. पोर्तुगालच्या जुवाँव सोझाने फिनलंडच्या एमिल रुसुव्हुओरीला ७-६, ४-६, ६-१ असे हरवले. ते दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कुठल्या पानावर आले हे शोधायलाही वेळ लागतो. त्या दिवशी कुणी टेनिस पाहिले असेल तर त्याला दोष देत नाही. बोपण्णा-रामकुमारचा विजयही त्याच रविवारचा, तोही तसाच झाकला गेला.

शेवटचे पर्व पुन्हा जानेवारीत आले. आपल्या भागासाठी त्याची पार्श्वभूमी वेगळी होती. डिसेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, दोन्ही बाजूंच्या एसटी काही दिवस थांबल्या, आणि सीमाप्रश्न पुन्हा दोन्हीकडच्या विधिमंडळांत गाजला. कर्नाटकाचे विधिमंडळ तर बेळगावातच भरले होते. स्पर्धा सुरू झाली ती २ जानेवारीला, तेव्हा बस सुरू झाल्या होत्या. मैदानावर चिलिच पुन्हा अग्रमानांकित होता. उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच गुडघ्याच्या दुखापतीने त्याने माघार घेतली आणि ग्रीक्सपोरला न खेळता पुढे चाल मिळाली. स्थानिकांचे लक्ष होते ते पुण्याच्या मानस धामणेवर. तो पंधरा वर्षांचा होता. वाइल्ड कार्डवर येऊन अमेरिकेच्या मायकेल एमोकडून तो २-६, ४-६ असा हरला. पंधराव्या वर्षी मुख्य दौऱ्यावरच्या खेळाडूकडून सहा गेम घेणे ही साधी गोष्ट नाही. दुहेरीत श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन ही चेन्नईकडची जोडी अंतिम फेरीपर्यंत गेली आणि बेल्जियमच्या सँडर झिले व योरान व्लीहन यांच्याकडून हरली. चेन्नईचा वारसा पुण्यात शेवटच्या दिवसापर्यंत खेळत होता असे म्हटले तर चालेल.

मग हाँगकाँग. तिथे जानेवारी २०२४ मध्ये आंद्रेई रुब्लेव्हने विजेतेपद घेतले. पुण्याचा पाच वर्षांचा करार पुरा झाला होता. बंद का पडली याची चर्चा करताना आपल्याकडे लगेच सरकार, प्रायोजक, प्रेक्षक यांच्याकडे बोट जाते. मला वाटते, स्पर्धा बंद पडली हे म्हणणेच अपुरे आहे. ती स्थलांतरित झाली, जशी दिल्लीहून झाली होती आणि चेन्नईहून झाली होती. पुण्याला ती टिकवायची असती तर परवाना विकत घ्यावा लागला असता. भारतातल्या एखाद्या राज्य टेनिस संघटनेने तसे केल्याचे उदाहरण नाही. क्रिकेटला जे पैसे मिळतात त्यातला लहानसा तुकडाही टेनिसला मिळत नाही, तेव्हा पुढेही कुणी करेल असे दिसत नाही. जोपर्यंत आठवडा भाड्याचा आहे तोपर्यंत करार संपला की निरोपाचे भाषण तयार ठेवायचे.

जे परवान्यावर अवलंबून नव्हते ते मात्र बालेवाडीतच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे पुन्हा चॅलेंजर स्पर्धा झाली आणि मोनॅकोचा व्हालाँतँ व्हाशरो ती जिंकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच व्हाशरो क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असताना शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकून गेला आणि जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला. पुण्याच्या प्रेक्षकाला तो दीड वर्ष आधीपासून ठाऊक होता. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती तिथेच झाल्या. अर्जुन कढेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर कझाकस्तानातल्या अल्माटी ओपनमध्ये दुहेरीचे एटीपी विजेतेपद मिळवले. त्याच्या गावाला तेव्हा एटीपी स्पर्धा उरली नव्हती. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि कर्नाटकाचा बोपण्णा यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेतले. दोन राज्यांनी मिळून काही जिंकल्याचे अलीकडचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आपल्या मुलांबद्दल एवढेच सांगतो. बेळगावचा खेळाडू कर्नाटक संघटनेचा, निपाणीचाही तोच. राज्य स्पर्धेसाठी त्याला बंगळूरची दिशा धरावी लागते. अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या क्रमवारीच्या स्पर्धा मात्र देशभरच्या नोंदणीकृत खेळाडूंना खुल्या असतात, आणि निपाणीपासून कोल्हापूर अवघे ४० किलोमीटर आहे. २०२२ साली विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळलेली ऐश्वर्या जाधव कोल्हापूरची. धारवाडला ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरुषांची आयटीएफ स्पर्धा झाली. ती बेळगावहून दीड-दोन तासांवर. चॅलेंजरचे सामने पाहायला बालेवाडीला जाता येतेच, आणि तिथे खेळाडू कोर्टाच्या इतक्या जवळून दिसतात की सर्व्हिसचा चेंडू वर किती टाकायचा हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. गाडी ठरवायची असेल तर मंडळाच्या कार्यालयात नावे द्यावीत, डिसेंबरपर्यंत.